जाड इंजिन ऑइल टाकल्यावर परत परत येणाऱ्या तक्रारी : सकाळची खडखड, चेक इंजिनचा दिवा आणि न थांबणारं ऑइल खाणं

तक्रारीचं स्वरूप बहुतेक वेळा असं असतं. गाडीचं रनिंग लाखाच्या आसपास आहे. ऑइल कमी होत होतं, किंवा टॅपेटचा आवाज वाढला होता, किंवा सिग्नलला उभं असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकत होता. गॅरेजमध्ये कंपनीने सांगितलेल्या ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० ऐवजी १५डब्ल्यू-४०, कधी थेट २०डब्ल्यू-५० टाकलं गेलं. सुरुवातीला इंजिन शांत झाल्यासारखं वाटलं. मग सकाळी पहिला सेल्फ मारल्यावर दोन-चार सेकंद टायमिंगच्या साखळीची खडखड सुरू झाली, पिकअप बसला, पिवळा दिवा लागला. स्कॅनरने दिवा पुसला की जातो आणि काही दिवसांनी परत येतो. ऑइल मात्र पूर्वीइतकंच कमी होतंय.

इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. एक, जाड ऑइलमुळे नव्याने उभा राहिलेला त्रास. दुसरा, ज्या कारणासाठी ते टाकलं तो मूळ बिघाड, जो अजून तसाच आहे. नुसतं ऑइल बदलून पहिला सुटेल, दुसरा पुन्हा डोकं वर काढेल, आणि कोणीतरी परत जाड ऑइल सुचवेल. म्हणून दोन्ही तपासायचे.

डब्यावरचे आकडे

५डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंड ऑइलची चाचणी सांगतो, नंतरचा गरम ऑइलचा जाडपणा. १०० अंश सेल्सियसला २० ग्रेडचं ऑइल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोकमध्ये (हे जाडपणा मोजायचं एकक) बसतं, ३० ग्रेड ९.३ ते १२.५, ४० ग्रेड १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेड १६.३ ते २१.९. म्हणजे वीसवरून पन्नासवर गेलात की गरम इंजिनातसुद्धा ऑइल दुपटीहून जाड झालं.

खरा फरक थंड इंजिनात पडतो. ४० अंशाला ०डब्ल्यू-२० साधारण ४० ते ४५ सेंटिस्टोक भरतं, ५डब्ल्यू-३० साठ-सत्तर आणि २०डब्ल्यू-५० दीडशे ते एकशे ऐंशी. सकाळी बोनेटखाली ४० अंशही नसतात. 'डब्ल्यू म्हणजे विंटर, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो' असं म्हणून पहिला आकडा सोडून देण्याची सवय इथेच नडते. चाचणी उणे तपमानाला होते हे खरं (५डब्ल्यूची उणे ३० ला, २०डब्ल्यूची उणे १५ ला), पण पहिल्या आकड्यातला फरक नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटेला जाणवतो आणि मुंबईच्या पंचवीस अंशांतही पूर्णपणे जात नाही.

दुसरा लोकप्रिय युक्तिवाद विदर्भातल्या उन्हाचा. 'इथे पंचेचाळीस अंश, पातळ ऑइल पाण्यासारखं होईल.' इंजिनाचं तपमान बाहेरची हवा ठरवत नाही, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा ठरवतात. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो, आणि कूलिंग धड असेल तर नागपूरच्या मे महिन्यात आणि महाबळेश्वरच्या जानेवारीत गरम इंजिनातलं ऑइल फार वेगळ्या तपमानाला नसतं. ऑइल खरं तापतं ते भारामुळे : सात माणसं, टपावर सामान, एसी चालू आणि दुसऱ्या गिअरमध्ये कसारा घाट. तेव्हा ते ११०-१२० च्या वर जाऊ शकतं. अशा अवस्थेसाठी १५० अंशांना वेगळी चाचणी असते. तिथे २० ग्रेडला किमान २.६, ३० ग्रेडला २.९ आणि ५डब्ल्यू-४० सारख्या ऑइलला ३.५ मिलिपास्कल-सेकंद जाडपणा टिकवावा लागतो. कंपनीने २० ग्रेड सांगितलं असेल तर बेअरिंगमधली फट, बेअरिंगची रुंदी आणि पंपाची क्षमता २.६ वर भागेल अशी काढलेली असते. ऑइलचा डबा बघून इंजिन बनवत नाहीत, पण इंजिन बनवताना ऑइलचा विचार झालेला असतोच.

गेजवर प्रेशर वाढलं म्हणजे ऑइल जास्त पोचलं असं नाही

ऑइल पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक माप ढकलतो. ऑइल जाड असेल तर तेवढंच माप बारीक वाटांमधून ढकलायला जास्त दाब लागतो, म्हणून गेज वर जातं. दाब रिलीफ व्हॉल्व्हच्या मर्यादेला (बऱ्याच गाड्यांत ४ ते ६ बार) पोचला की जादा ऑइल इंजिनात न जाता चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) किंवा पंपाच्या तोंडाशी परत येतं. थंड २०डब्ल्यू-५० असताना थोडा अॅक्सिलरेटर दिला की ही मर्यादा लगेच गाठली जाते. गेज भरलेलं दिसतं आणि कॅमशाफ्टपर्यंत (वरचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) कमी ऑइल जातं.

याच वेळी ऑइल फिल्टरमधला बायपासही उघडतो. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबात साधारण एक बारचा फरक पडला की तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल पुढे जातं. रोज सकाळी चार-पाच किलोमीटर चालून बंद होणाऱ्या गाडीत जाड ऑइल असेल तर तिच्या चालण्याचा बराच भाग असाच जातो.

सकाळची खडखड आणि पी००११

आताच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत ऑइल नुसतं वंगण राहिलेलं नाही, ते हायड्रॉलिक तेलाचंही काम करतं. मारुतीची व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ चालू इंजिनात बदलणारी यंत्रणा) असलेली के-सिरीज, ह्युंदाईची व्हीटीव्हीटी, होंडाची आय-व्हीटेक या सगळ्यांत ऑइलच्या दाबावर कॅमशी संबंधित भाग हलतात. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हला सांगतो, व्हॉल्व्ह बारीक वाटेने ऑइल सोडतो, कॅमच्या टोकाचा फेझर काही अंश फिरतो. किती वेळात फिरायला हवा हे ईसीयूमध्ये ठरलेलं असतं. जाड ऑइलने तो उशिरा फिरला की ईसीयू बिघाडाचा कोड नोंदवतो, तो स्कॅनरवर दिसतो.

कोड नीट वाचला तर निम्मं काम होतं. पी००११ म्हणजे इनटेक कॅम ठरल्यापेक्षा पुढे किंवा त्याची हालचाल अपेक्षेप्रमाणे नाही, पी००१२ म्हणजे मागे. पी००१४ आणि पी००१५ हे तसेच एक्झॉस्टच्या कॅमचे. हे चारही ऑइलचा जाडपणा, कमी पातळी, घाण किंवा अडकलेला व्हॉल्व्ह यांमुळे येऊ शकतात. पी००१० आला असेल तर तो विजेच्या जोडणीचा आहे, वायर आणि कनेक्टर बघा, ऑइलला दोष देऊ नका. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचा ताळमेळ चुकलाय. योग्य ऑइल टाकूनही तो परत आला तर साखळी ताणली असण्याची किंवा टायमिंग एक दाता सरकल्याची शंका घ्या, आणि गाडी दामटू नका.

कंट्रोल व्हॉल्व्ह तपासणं घरीही जमतं. कनेक्टर काढा, दहाचा बोल्ट सोडा, व्हॉल्व्ह हलकेच फिरवत बाहेर काढा. दोन पिनांमधला रेझिस्टन्स बऱ्याच गाड्यांत ७ ते १२ ओम असतो, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. मग बारा व्होल्ट क्षणभरच द्या. आतला दांडा टक्कन सरकला आणि वीज काढल्यावर परत आला पाहिजे. काही सेकंदांपेक्षा जास्त वीज दिलीत तर कॉइल जळेल. व्हॉल्व्हच्या तोंडाशी किंवा त्याच्या वाटेत बारीक जाळी असते, ती कार्ब क्लीनरने धुवा. ओ-रिंग कडक झाली असेल तर नवीन घ्या, नाहीतर टॅपेट कव्हरच्या कडेने ऑइल गळायला लागेल.

खडखडीचा मामला थोडा वेगळा. टायमिंग चेनचा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर ताणलेला राहतो. रात्रभर त्यातलं ऑइल उतरतं आणि सकाळी जाड ऑइल पोचायला वेळ लागतो, तेवढा वेळ साखळी पट्टीवर आपटते. १.३ मल्टिजेट डिझेलमध्ये साखळीच्या जोडीला हायड्रॉलिक टॅपेटही आहेत, म्हणून तिथे आवाज दुहेरी येतो. पण ऑइलला दोष देण्याआधी फिल्टर बघा. फिल्टरमध्ये ऑइल मागे उतरू नये म्हणून रबराची झडप असते. स्वस्त फिल्टरमध्ये ती लवकर कडक होते आणि फिल्टर रात्रीत रिकामा होतो. फिल्टर आडवा बसवलेला असेल तर हे हमखास. योग्य ग्रेड आणि कंपनीचा फिल्टर टाकूनही आवाज तीन सेकंदांपेक्षा जास्त टिकत असेल, तर टेन्शनर आणि साखळीकडे वळा.

ऑइल जाड करावं असं मुळात का वाटलं?

टॅपेटचा आवाज हे कारण असेल तर आधी आपल्या इंजिनात टॅपेट कसले आहेत ते शोधा. होंडाच्या १.२ आणि १.५ लिटर आय-व्हीटेक पेट्रोलमध्ये स्क्रू आणि नटाने हाताने सेट करायचे टॅपेट आहेत. तिथे आवाज येतो तो फट वाढल्यामुळे, आणि ऑइल बदलून फट बदलत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे ३८ अंशांच्या खाली, फीलर गेजने मोजायचं. इनटेकला साधारण ०.१५ ते ०.१९ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२६ ते ०.३०. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलशी ताडून घ्या. कमी ठेवू नका. घट्ट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आवाज करत नाही, पण सीट नीट न टेकल्यामुळे जळतो, आणि सीएनजीवर तर लवकरच. म्हणून पूर्ण शांत टॅपेटवर फार खूश होण्यात अर्थ नाही.

लाल दिवा हे कारण असेल तर मेकॅनिकल गेज लावल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका. ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी गेजची नळी लावायची. जपानी वळणाच्या गाड्यांत आटे बहुधा १/८ इंचाचे, इतरांत वेगळे, म्हणून अॅडाप्टरचा सेट असलेला गेज घ्या. इंजिनात योग्य ग्रेडचं ऑइल हवं आणि गाडी वीस मिनिटं चाललेली, पंखा एकदा फिरून थांबलेला. हजार फेऱ्यांमागे साधारण ०.७ बार हा जुना ठोकताळा : दोन हजारला १.४ च्या खाली असेल तर काळजी, तीन हजारला तीनच्या आसपास असेल तर निवांत राहा. आयडलला बरेचदा एकच्या जवळपास दिसतं. स्विच पेटतो तो ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावर. गेज ठीक आणि दिवा चालू, तर स्विच गेलाय. ही फार थोड्या खर्चाची गोष्ट आहे आणि तिच्यापायी अनेक इंजिनांत आयुष्यभर २०डब्ल्यू-५० ओतलं जातं.

गेजवर खरंच दाब कमी दिसला तर चेंबर उतरवा. पहिल्यांदा पिकअपची, म्हणजे पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची, जाळी बघा. मागच्या वेळी चेंबर किंवा टॅपेट कव्हर बसवताना कुणी सिलिकॉन सढळ हाताने लावलं असेल तर त्याचे तुकडे जाळीत अडकलेले सापडतात. मग पिकअप पाइपची ओ-रिंग, तिथून हवा ओढली जाते. मग रिलीफ व्हॉल्व्ह, तो उघडा अडकलाय का. हे सगळं स्वच्छ निघालं तरच पंपाच्या फटी आणि बेअरिंग. बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) एक कॅप काढून प्लॅस्टिगेजने (दाबल्यावर चपटी होणारी मापाची प्लॅस्टिकची बारीक दोरी) फट मोजता येते. नव्या इंजिनात ती मिलिमीटरच्या दोन ते पाच शतांशांच्या आसपास असते. बेअरिंगचं तांबं दिसायला लागलं असेल तर जाड ऑइलने दिवा विझेल, बेअरिंग वाचणार नाही.

ऑइल खाण्याची तक्रार सगळ्यात जास्त, आणि मोजमाप सगळ्यात कमी. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक कमाल खुणेपर्यंत भरा. हजार किलोमीटर चालवा. त्याच जागेवर, तसंच थांबून, मोजलेल्या मापाने पुन्हा खुणेपर्यंत भरा. जेवढं लागलं तेवढं खाल्लं. छोट्या पेट्रोल इंजिनात शंभर-दीडशे मिलि लागलं तर ते सोडून द्या. तीनशेच्या वर गेलं तर कारण शोधायचं.

निळा धूर कधी येतो ते पाहा. रात्रभर उभी गाडी सुरू केल्यावर एकच भपका, किंवा घाट उतरताना अॅक्सिलरेटर सोडून नंतर दाबल्यावर धूर, ही व्हॉल्व्ह स्टेम सीलची खूण. चढावर जोर लावल्यावर सतत धूर येत असेल तर रिंगा. टर्बो गाडीत इंटरकूलरच्या पाइपमध्ये ऑइलचं तळं साचलं असेल तर टर्बोचं सील, किंवा त्याच्याही आधी पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह). पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवा. साध्या प्रकारचा असेल तर तो खुळखुळला पाहिजे आणि फुंकर एकाच बाजूने गेली पाहिजे. गच्च झाला असेल तर क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि सगळ्या सीलांतून ऑइल बाहेर ढकललं जातं. धूर नाही आणि गळतीही नाही असं वाटत असेल तर गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरून बघा.

रिंगांची शंका असेल तर कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजने मोजा. आकडा कमी आला की त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्या. वाढला तर रिंगा, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह. मात्र फक्त ऑइल रिंग चिकटलेली असेल तर कॉम्प्रेशन चांगलं येऊनही ऑइल जळतं, हे लक्षात ठेवा. आणि इथेच जाड ऑइल उलटं पडतं. हल्लीच्या ऑइल रिंगांचा ताण घर्षण कमी व्हावं म्हणून मुद्दाम कमी ठेवलेला असतो. त्या पातळ थर खरवडण्यासाठी केलेल्या असतात. जाड थर बोअरवर मागे राहतो आणि जळतो, पिस्टनच्या बारीक भोकांतून परत उतरायलाही त्याला वेळ लागतो, आणि तिथे काजळी धरते. सुरुवातीला कमी झालेलं ऑइल खाणं काही महिन्यांनी पुन्हा वाढतं ते बरेचदा यामुळे.

टर्बो पेट्रोल आणि बीएस-६ डिझेल

इथे ग्रेडइतकीच डब्यावरची बाकीची अक्षरं महत्त्वाची. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या पेट्रोल इंजिनात कमी फेऱ्यांना जोर लावताना इंधन वेळेआधी पेटण्याचा धोका असतो, त्याने पिस्टन फुटतात. यावरची चाचणी एपीआय या अमेरिकन संस्थेच्या एसएन प्लस (२०१८) आणि एसपी (२०२०) या दर्जांमध्ये आली. बाजारातली बरीच २०डब्ल्यू-५० ऑइलं जुन्या एसएल किंवा एसजे दर्जाची असतात, त्यांच्यात ती काळजी घेतलेलीच नसते.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं. एसीईए सी३ या युरोपीय दर्जात सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते. ट्रकचं जुन्या दर्जाचं १५डब्ल्यू-४० सहसा त्याच्या वर जातं. काजळी रीजनरेशनमध्ये (डीपीएफ तापवून साफ केला जातो तेव्हा) जळून जाते, ऑइलची राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची बसते. याच गाड्यांत डिपस्टिकची पातळी वाढताना दिसली तर अर्धवट रीजनरेशनमुळे डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. ऑइल पातळ झालं म्हणून जाड ऑइल टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ऑइल लवकर बदला आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग हायवेवर चालवा.

फोर्डच्या १.० इकोबूस्टमध्ये टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये भिजत फिरतो. त्याला फोर्डच्या स्पेसिफिकेशनचं ५डब्ल्यू-२० सोडून दुसरं काही टाकू नका. फ्लश (इंजिन आतून धुणारं द्रावण) तर अजिबात नको.

योग्य ग्रेडवर परत येताना

इंजिन गरम करून ऑइल काढा, पण जाड ऑइल सावकाश उतरतं, म्हणून वीस-पंचवीस मिनिटं थेंब थेंब पडू द्या. तरीही हेड, वाटा आणि टर्बोमध्ये थोडं राहतंच. फिल्टर नवीन, ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन. बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जोर लावून खराब करणं फार सोपं आहे. सांगितलेल्या मापापेक्षा तीनशे मिलि कमी भरा, मिनिटभर चालवा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघून उरलेलं घाला. कमाल खुणेच्या वर भरलं तर क्रँक ऑइल घुसळतो आणि फेस होतो, आणि फेस गेलेला टॅपेट वाजतोच.

नंतर कोड पुसा आणि दोन-तीनशे किलोमीटर वेगवेगळ्या वेगाने चालवून स्कॅन करा. कोड परत आला नाही तर ऑइलच कारणीभूत होतं. आला तर जाळी आणि कंट्रोल व्हॉल्व्ह आधी, फेझर नंतर. पहिला ऑइल बदल नेहमीच्या निम्म्या अंतरावर करा, म्हणजे मागे राहिलेलं जुनं ऑइल आणि सुटलेली घाण निघून जाईल. टॅपेट कव्हरखाली डांबरासारखा थर दिसत असेल तर कडक फ्लश टाळा. सुटलेले पोपडे थेट पिकअपच्या जाळीवर जाऊन बसतात.

जाड ऑइल कधी चालतं

मॅन्युअलमध्ये एकापेक्षा जास्त ग्रेडचा तक्ता दिलेला असेल तर त्यातलं कुठलंही निर्धास्त वापरा. तक्त्यात ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० दोन्ही असतील आणि गाडी कायम भरलेली घाटात चालत असेल तर ५डब्ल्यू-३० घेणं शहाणपणाचं. टोयोटाच्या काही मॅन्युअलमध्ये तर जास्त वेग किंवा जास्त भार असेल तेव्हा जाड ग्रेड बरं पडू शकतं असं छापलेलंच आहे. तक्त्याबाहेर जायचंच असेल तर एक पायरी, आणि तीही दुसऱ्या आकड्यात : ५डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-४०. पहिला आकडा वाढवू नका. वॉरंटीतल्या गाडीत हेही नको, इंजिनाचा क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं.

मारुती ८००, पद्मिनी, अॅम्बेसेडर यांच्यासारखी जुनी इंजिनं वेगळी. त्यांच्यात व्हीव्हीटी नाही, २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० त्यांच्या काळाचीच ऑइलं. जाड ऑइलची सवय गॅरेजांना लागली ती याच इंजिनांवर. आणि एखादं हल्लीच्या रचनेचं इंजिन खरंच झिजलेलं आहे, हाफ इंजिन कामाचे पैसे सध्या नाहीत, गाडी वर्षभर ओढायची आहे, तर वरच्या नियमाला अपवाद म्हणून ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० टाकून चालवता येते. दर पाचशे किलोमीटरला डिपस्टिक बघा आणि ऑइल बदलल्यावर टाकलेलं ग्रेड व किलोमीटर लिहिलेली पट्टी बोनेटखाली लावून ठेवा, म्हणजे पुढचा मेकॅनिक त्यात आणखी जाड काही ओतणार नाही.